धुराडे, आंबवण टाकी आणि उसातले पाणी

सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात, गळीत हंगाम ऐन भरात असताना, कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याआधी पकडण्यावरच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संशोधनासाठी वायूचे नमुने घ्यायला मी गेलो होतो. काम बॉयलरच्या धुराड्यापुरते ठरलेले होते. उसाचा भुसा (बगॅस) जाळून निघणाऱ्या धुरात, वाफ वगळता, 12 ते 13 टक्के कार्बन डायऑक्साइड भरला. बाकी बहुतांश नायट्रोजन. एवढ्या विरळ मिश्रणातून तो वेगळा काढायचा तर अमाइन या रसायनाच्या द्रावणात शोषून घ्यावा लागतो आणि पुन्हा मोकळा करण्यासाठी ते द्रावण 120 अंशांपर्यंत तापवावे लागते. प्रचलित पद्धतीत टनामागे साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता, म्हणजे दीड टनाहून जास्त वाफ खर्च होते. ज्या वाफेवर रस आटवायचा आणि वीज तयार करून विकायची, तीच वाफ मागणारे यंत्र कोणता कारखाना आनंदाने बसवून घेईल?

सामान आवरत असताना डिस्टिलरीचे शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, "आमच्या टाकीचं पण बघा की ओ सर."

मळी आंबवण्याच्या टाकीवरच्या नळीतून 100 मिलिलिटर वायू ऑर्सॅट या वायू तपासण्याच्या उपकरणाच्या ब्युरेटमध्ये, म्हणजे मोजनळीत, घेतला आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या पोटॅशच्या द्रावणातून फिरवला. परत आला तो एक मिलिलिटरही नव्हता. आंबवणीत जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, हे मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. पण त्याच ब्युरेटमध्ये थोड्या वेळापूर्वी धुराचा नमुना जेमतेम आठव्या हिश्शाने घटताना पाहिल्यावर हा फरक अंगावर आला. इथे वेगळे काढण्याचे कष्ट यीस्टने आधीच केलेले असतात. वायू धुवायचा, सुकवायचा आणि दाबायचा, एवढेच उरते.

दर लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे दिवसाला 60 हजार लिटरच्या डिस्टिलरीतून 45 टन. मात्र यावरून धुराड्याचा नाद सोडावा असे मी म्हणणार नाही, कारण रोज 5 हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचा सगळा भुसा जाळला तर हजार टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सुरुवात मात्र टाकीपासूनच व्हावी, असे माझे त्या दिवसापासून ठाम मत आहे.

"ऊस तर हवेतूनच घेतो, मग परत धरायचा कशाला?" हा शिफ्ट इन्चार्जांचा प्रश्न अगदी नेमका होता. हवेत परत गेला तर हिशेब साधारण बरोबरीत राहतो. जमिनीखाली कायमचा ठेवला तरच हवेतला कार्बन खरोखर घटतो. सोडावॉटरवाल्यांना विकला तर तो बाटली उघडताच पुन्हा हवेत.

मग ठेवायचा कुठे? आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. आइसलँडमध्ये 2012 साली पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड अशाच बेसाल्ट खडकात सोडला, तेव्हा त्यातला 95 टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला. आपल्या खडकाची सच्छिद्रता प्रत्येक जागी तपासावी लागेल, हे खरे. पण सोलापुरात त्याआधी आठवते ते पाणी. त्या पद्धतीत टनाला सुमारे 25 टन पाणी लागते. 45 टनांना रोज 11 लाख लिटरहून अधिक. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे ही मागणी कोणत्या तोंडाने करायची, असे मी बोलून गेलो.

"उसातच पाणी आहे की ओ सर," ते म्हणाले. "कंडेन्सेटचं करायचं काय, हाच आमचा ताप."

उसात सुमारे 70 टक्के पाणी असते, म्हणजे 5 हजार टन उसात साडेतीन हजार टन. त्यातले बरेचसे रस आटवणाऱ्या बाष्पकांतून कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेले पाणी, होऊन बाहेर पडते. बॉयलर आणि कारखान्यातली इतर कामे भागवून जे उरते, ते प्रक्रिया करून सोडावे लागते. त्यात साखरेचा अंश आणि सेंद्रिय द्रव्ये असतात. ती खडकाच्या भेगांमध्ये जिवाणू वाढवून बोअर बुजवू शकतात. म्हणून निघताना वायूच्या पिशव्यांबरोबर कंडेन्सेटचे दोन कॅन गाडीत घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सीओडीपासून, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांच्या मोजमापापासून, तपासणीला सुरुवात केली.