झेब्रा अजून जिवंत आहे

आज डेबियन (लिनक्स) सर्व्हरवर एफआरआर चढवलं, म्हणजे सर्व्हरला राउटर बनवणारं सॉफ्टवेअर. हे क्वागातून फुटलेलं, क्वागा त्याआधीच्या झेब्रातून. म्हणून मुख्य डेमनचं (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामचं) नाव अजून झेब्राच! बीजीपी, ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ते प्रोटोकॉल) सुरुवातीला बंद असतात, डेमन्स फाइलमध्ये 'नो'चं 'येस' केलं की झालं.

खरा वेळ गेला दारं तपासण्यात. झेब्रा २६०१ आणि बीजीपीडी (बीजीपीचा डेमन) २६०५ पोर्टवर टेलनेट (एन्क्रिप्शन नसलेलं लॉगिन) ऐकतात, म्हणजे पासवर्ड उघडाच जाणार. मूळ फाइलमध्ये १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) हाच पत्ता असतो, त्यामुळे बाहेरून कोणी पोचत नाही. 'सोयीसाठी' तो बदलणाऱ्यांना आपला कोपरापासून नमस्कार. एसएसएच की वापरून आत शिरायचं, व्हीटीवायएसएच (एफआरआरची कमांड लाइन) चालवायचं, बास. सहकाऱ्याला रूटचे (अ‍ॅडमिनचे) अधिकार न देता एफआरआरव्हीटीवाय ग्रुपमध्ये टाकलंय, म्हणजे त्याला व्हीटीवायएसएच वापरता येतं. त्याचा लगेच मेसेज, "दादा, राउटिंग टेबल दिसतंय, आता बीजीपीचे शेजारी राउटर कधी जोडायचे?"