सौर पंपाच्या कामासाठी बॅटरीची मशीनं निवडली, त्याचा अनुभव

सौर पंप जिथे बसवायचा असतो तिथे वीज नसते. म्हणूनच तर शेतकऱ्याने सरकारी योजनेत अर्ज केलेला असतो, आपला दहा टक्के हिस्सा भरलेला असतो. पण आमची ड्रिल, ग्राइंडर सगळी वायरची. सांगोला, मंगळवेढा, जत या पट्ट्यात मी सौर कृषी पंपाचं फिटिंग सब-काँट्रॅक्टवर करतो. पहिली दोन वर्षं आमच्या पिकअपमध्ये सगळ्यात जड सामान म्हणजे जनरेटर. रस्ता संपला की तो दोघांनी उचलून डाळिंबाच्या बागेतून बांधाबांधाने न्यायचा, मागून पन्नास मीटर केबल ओढायची. बोल्ट आवळायला दोन मिनिटं आणि जनरेटर जागेवर न्यायला अर्धा तास, अशी कामाची तऱ्हा.

एकदा जतच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत, जनरेटरचा कार्बोरेटर चोंदला. आम्ही चौघं होतो. पॅनेल झाडाखाली लावून ठेवलेले, स्ट्रक्चर अर्धं उभं. शेतकऱ्याच्या घरच्यांनी आमच्यासाठी भाकरी-पिठलं आणलं आणि आम्ही काम न करता जेवून परत आलो. त्या रात्री ठरवलं, बॅटरीची मशीनं घ्यायची.

ठरवणं सोपं होतं, निवडणं नाही. मी पहिली चूक केली ती दुकानाच्या काउंटरवर. ब्रँडेड मशीनवर १८ व्होल्ट लिहिलेलं आणि शेजारच्या स्वस्त खोक्यावर ४८ व्होल्ट. दुकानदार म्हणाला, "दादा, ते अठराच आहे, हे अठ्ठेचाळीस. वर दोन बॅटऱ्या फ्री." घेतलं. नऊ आठवड्यांत एक बॅटरी चार्ज घेईना. घरी ओट्यावर ठेवून मी तिचे चार स्क्रू काढले. आत पाच सेल. बोटाएवढे, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, त्यांना १८६५० म्हणतात ते हेच. मल्टीमीटर लावला. चार सेल ३.९ व्होल्ट दाखवत होते, पाचवा ०.८. एक सेल मेला की अख्खा पॅक मेला, कारण ते एकामागोमाग एक जोडलेले असतात.

पण मला खरं काही शिकवलं असेल तर त्या पाच या आकड्याने. लिथियम सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरतात. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८. पूर्ण चार्ज झाला की सेल ४.२ वर जातो, म्हणजे पाच सेलचे २१. म्हणून १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स आणि २१ व्होल्ट ही एकाच पाच सेलच्या पॅकची तीन नावं आहेत. डीवॉल्टच्या २० मॅक्सची बॉशच्या १८ शी तुलना करताना दोन व्होल्ट जास्त मिळतात असं समजू नये. आणि खऱ्या ४८ व्होल्टला निदान १३ सेल लागतात. ते माझ्या ओट्यावर नव्हते.

त्याच पॅकवर ४००० एमएएच छापलं होतं. बॅटरीत किती साठतं त्याचा हा आकडा, हजार एमएएच म्हणजे एक एएच. १८६५० आकाराचा चांगला सेलही सहसा साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. म्हणजे अशा स्वस्त पॅकमध्ये एका ओळीत पाच सेल असताना चार हजारांवर विश्वास ठेवू नये. तेव्हापासून मी बॅटरी वजन करून घेतो. असा एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा. दहा सेलचा पॅक म्हणजे नुसते सेलच साडेचारशे ग्रॅम, वर खोकं. दुकानदाराने ४ एएच म्हणून दिलेली बॅटरी शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर साडेतीनशे भरली, तर विचारावं. आता २१ मिलिमीटर जाडीचे, ७० मिलिमीटर लांबीचे मोठे सेलही येतात. त्यांचे पाच सेल ४ एएच देऊ शकतात. तेव्हा वजनासोबत सेल कोणता हेही विचारावं लागतं. ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडून मी आता बॅटरी घेत नाही.

दुसऱ्या खेपेला घाई केली नाही. एक मशीन मित्राकडून, एक पुण्याच्या बोहरी आळीतल्या ओळखीच्या दुकानातून डेमोला, एक भाड्याने, अशी तीन ब्रँडेड १८ व्होल्टची इम्पॅक्ट मशीनं, म्हणजे ठोके देत बोल्ट आवळणारी, जमवली आणि तीन जागी एकाच मापाच्या स्ट्रक्चरवर लावली. ५ एचपीच्या पंपाला आम्ही ५४० वॉटचे ९ पॅनेल बसवतो. खालचं स्ट्रक्चर हॉट-डिप जीआयचं, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचं, त्यात मुख्यतः १२ मिलिमीटरचे बोल्ट.

मला वाटलं होतं मोठा फरक दिसेल. दिसला नाही. कॅटलॉगमध्ये मकिताच्या डीटीडब्ल्यू १९० ला १९० न्यूटन-मीटर (आवळायच्या ताकदीचं, म्हणजे टॉर्कचं माप), बॉशच्या जीडीएक्स १८० ला १८०. आणि १२ मिलिमीटरच्या ८.८ ग्रेडच्या बोल्टला साधारण ८० न्यूटन-मीटर पुरे. म्हणजे दोन्हीकडे ताकद दुपटीहून जास्त. तिन्ही मशीनांनी ४ एएचच्या एका चार्जवर एका पंपाचं स्ट्रक्चर पुरं केलं. ज्यांचं काम आमच्यासारखं आहे त्यांनी या दहा-वीस न्यूटन-मीटरवरून रात्र जागवू नये. ड्रिल घेताना मात्र एक बघा. बॉशच्या जीएसबी १८० वर ५४ न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं, ते हार्ड टॉर्क, म्हणजे धातूसारख्या कठीण जोडावरचा. सॉफ्ट टॉर्क २१. लाकडात मोठं भोक पाडताना, लांब स्क्रू घालताना तो दुसरा आकडा कामाचा. बाकी मशीनांचंही असंच असतं. तुलना करायची तर हार्डची हार्डशी, सॉफ्टची सॉफ्टशी.

मग निवडलं कशावरून? बॅटरीवरून. मशीन एक घेतलं तरी त्याच बॅटरीवर पुढची चार मशीनं घ्यायची असतात, आणि त्यांना बॅटरी-चार्जरशिवाय नुसती बॉडी मिळते, ती बरीच स्वस्त पडते. म्हणून मी कागदावर माझ्या कामाची मशीनं लिहिली: इम्पॅक्ट, ड्रिल, ४ इंची ग्राइंडर, काँक्रीटला भोकं पाडायचा रोटरी हॅमर. चारही एकाच पॅकवर बसतात का, नुसती बॉडी सोलापुरात मिळते का, सर्व्हिसला मशीन दिलं तर किती दिवसांनी परत येतं. मी मकिताची १८ व्होल्टची मालिका घेतली. ती २००५ पासून चालू आहे, त्यामुळे दहा वर्षांनी बॅटरी मिळेल याची मला खात्री वाटली. तुमच्या गावात दुसऱ्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर मी तोच घ्या म्हणेन. पक्कं जीएसटी बिल घ्या. १८ टक्के इनपुट क्रेडिट सोडण्याएवढा आपला धंदा मोठा नाही.

एएच किती घ्यायचे याचा हिशोब मला ग्राइंडरने शिकवला. १८ व्होल्ट गुणिले २ एएच म्हणजे ३६ वॉट-अवर. वायरचा साधा ग्राइंडर ७०० वॉटचा. तेवढीच ताकद बॅटरीतून ओढली तर ३६ वॉट-अवर तीन मिनिटांत संपतात. शिवाय ७०० वॉट १८ व्होल्टवर म्हणजे जवळजवळ ३९ अँपिअर. पाच सेलच्या पॅकमध्ये ते सगळे प्रत्येक सेलमधून जातात, दहा सेलच्या पॅकमध्ये दोन ओळींत वाटले जातात. म्हणून मोठी बॅटरी नुसती जास्त वेळ चालत नाही, ती दमत नाही आणि तापतही कमी. ड्रिलला हलकी २ एएच चांगली, हात दुखत नाही. ग्राइंडरला ४-५ च्या खाली जाऊ नका. आणि जीआय कापणं कमीत कमी ठेवा. कापलं की जस्त जातं, तिथे झिंक स्प्रे मारावाच लागतो.

आता ज्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं ते सांगतो. पॅनेलचे क्लॅम्प ८ मिलिमीटरच्या स्टेनलेसच्या बोल्टवर असतात. नवं इम्पॅक्ट हातात आलेलं, पोरं जोशात. पहिल्याच साइटला सगळे बोल्ट मशीनने सटासट आवळले. मधेच एक नट अर्ध्यात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मग दुसरा, तिसरा. छत्तीसपैकी सात जाम. स्टेनलेसवर जो पातळ थर असतो तो वेगाने घासला की निघून जातो आणि नट-बोल्ट एकमेकांना चिकटून वेल्ड झाल्यासारखे होतात. ते कापूनच काढावे लागले. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेवर पडल्या तर कायमचे डाग राहतात, म्हणून पॅनेलवर ओलं गोणपाट अंथरून, मी स्वतः एकेक कापला. शेतकरी दादा बाजूला उभे राहून बघत होते. नव्या काचेजवळ कटिंग चाललेलं बघून त्यांचा चेहरा उतरला होता, तो मला अजून दिसतो.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. स्टेनलेसच्या बोल्टला आटे चिकटू न देणारी अँटी-सीझ पेस्ट, पहिले आटे हाताने, मग ड्रिलचा क्लच खालच्या नंबरवर ठेवून हळू, आणि शेवट टॉर्क पान्याने, पॅनेलच्या कंपनीच्या पुस्तकात असेल तेवढाच. इम्पॅक्ट फक्त खालच्या जीआय स्ट्रक्चरला. वेळ जास्त जातो, जाऊ दे.

उन्हाचं कुणी आधी सांगितलं नव्हतं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर. पत्र्याच्या पेटीत ठेवलेली बॅटरी हात लावू देत नाही, आणि तापलेली बॅटरी चार्जर घेतच नाही, दिवा लुकलुकत राहतो. पोरांना वाटलं चार्जर बिघडला. आता बॅटऱ्या पिण्याच्या पाण्याच्या जारशेजारी, सावलीत, कोरड्या पोत्यात. मशीनमधून काढलेली गरम बॅटरी अर्धा तास तशीच ठेवायची, मग चार्जरवर.

चार्जिंग पिकअपमधूनच होतं. प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी वीज देणारा, छोटा इन्व्हर्टर बसवला. ४ एएचच्या पॅकमध्ये ७२ वॉट-अवर, वाया जाणारं धरून नव्वद. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून ते साडेसात एएच होतात. जेवणाच्या सुट्टीत एक पॅक भरला तरी गाडी सुरू व्हायला त्रास नाही. दोन भरायचे तर इंजिन चालू ठेवतो.

जनरेटर विकलेला नाही. कठीण खडकात ब्रेकर चालवायचा असेल तर तोच लागतो. पण गेल्या हंगामात तो तीनदाच पिकअपमध्ये चढला. रोटरी हॅमरची नुसती बॉडी घ्यायची आहे, छपरावरच्या कामासाठी. तोवर चार बॅटऱ्यांवर मार्करने १ ते ४ नंबर आणि घेतल्याचा महिना लिहून ठेवलाय. पावसाळ्यात कामं थांबली की त्या अर्ध्या चार्जवर कपाटात जातात. ३ नंबर हल्ली लवकर उतरते, मल्टीमीटरलाही तेच दिसतंय. दिवाळीनंतरची कामं सुरू व्हायच्या आत तिच्या जागी नवी आणायची आहे, या वेळी ५ एएचची.