आमची वाटचाल : नुसतं बघायचे पैसे

आमच्या पाटीवर आजही ‘ऑटो इलेक्ट्रिकल वर्क्स’ एवढंच लिहिलेलं आहे. अण्णांनी ती रंगवून घेतली तेव्हा खाली ‘सेल्फ, डायनामो, हॉर्न, वायरिंग’ अशी एक ओळ होती. ती उन्हाने गेली आणि आम्ही पुन्हा लिहिली नाही, कारण छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या या शेडमध्ये आता सेल्फ-डायनामो कमीच येतात. जास्त येते ती एक तक्रार : ‘क्रूझ लागत नाही.’ क्रूझ म्हणजे क्रूझ कंट्रोल, ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय. नाहीतर, ‘लागतं, पण मधेच सुटतं.’

अण्णांचा धंदा वस्तूवर चालायचा. आर्मेचर जळलं, नवं गुंडाळलं, जुनी तांब्याची तार गिऱ्हाइकाला दाखवली, पैसे घेतले. त्यांचं मुख्य हत्यार टेस्ट लॅम्प : बारा व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला क्लिप, दुसऱ्याला टोचणी. करंट आहे की नाही, एवढं तो बिनचूक सांगायचा. गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आला तसा हाच बल्ब धोक्याचा झाला. सेन्सरच्या बारीक वायरीला तो लावला तर तिथल्या सर्किटला झेपणार नाही इतका करंट ओढतो. अण्णांनी तो स्वतःच खुंटीला टांगला आणि मी आयटीआय करून आलो तेव्हा मला डिजिटल मीटर घेऊन दिला. ईसीएममधली माहिती वाचणारा स्कॅनर पुढे कर्ज काढून घेतला. क्रूझच्या कामात आम्ही शिरलो ते त्या स्कॅनरमुळे.

सुरुवातीला क्रूझवाल्या गाड्या मोजक्याच होत्या. जुन्या पद्धतीत व्हॅक्यूमचा एक डबा आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, ओढणारी केबल असायची. डब्यातला पडदा (डायाफ्राम) फाटला की खेळ खलास. आता थ्रॉटलच इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे बहुतेक गाड्यांत क्रूझ नावाची वेगळी वस्तूच नाही. तो ईसीएममधला प्रोग्रॅम. स्टिअरिंगवरची बटणं, ब्रेक स्विच, क्लच स्विच आणि चाकांचा वेग यांच्याकडून खबर घेऊन तो चालतो, आणि यातल्या एकाबद्दल जरी शंका आली तरी काम सोडतो. क्रूझ म्हणजे रुसणारा जावई : कोणाचं काय चुकलं ते सांगणार नाही, सरळ ताटावरून उठणार. म्हणून क्रूझची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत आम्ही आधी क्रूझ सोडून बाकी सगळं बघतो.

पहिली नजर मागच्या लाल दिव्यांवर. ब्रेक पेडलवर एक छोटा स्विच असतो आणि त्यात बहुधा दोन संपर्क असतात : पाय नसताना एक जुळलेला, दुसरा तुटलेला. पेडल दाबलं की उलट. दोघांचं म्हणणं जुळलं नाही की ईसीएम ‘पी ०५०४’ हा बिघाडाचा कोड लिहून ठेवतो. पहिल्याच सर्किटमध्ये गडबड असेल तर ‘पी ०५७१’. असा कोड दिसला की पुष्कळ ठिकाणी स्विच बदलून मोकळे होतात. एका गाडीत दुसऱ्या वर्कशॉपने स्विच बदलला होता, नंतर स्टिअरिंगमधली क्लॉकस्प्रिंगही (फिरत्या स्टिअरिंगवरची बटणं, हॉर्न आणि एअरबॅग यांना गाडीशी जोडणारी वायरची गुंडाळी) बदलली होती, आणि क्रूझ तरीही बंद. मी वाकून पेडलखाली टॉर्च मारला. स्विचची दांडी ज्या बटणाएवढ्या रबरी टोपीवर टेकते, ती उन्हाने आणि वयाने कुरकुरीत होऊन गळून पडली होती. तुकडे मॅटवर होते. दांडी भोकातून आरपार जात होती, म्हणजे ईसीएमच्या लेखी ब्रेकवर पाय कायमचा. मागचे दिवे गाडी बंद केल्यावरही जळत राहायचे आणि बॅटरी का उतरते याचं उत्तरही मालकाला त्याच दिवशी मिळालं. टोपी किरकोळ किमतीची निघाली.

बिल करताना मात्र अडचण. टोपीचे पैसे किती लावणार? आणि तपासणीचे सांगितले की मालक म्हणतात, ‘काय शेठ, नुसतं बघायचे पैसे?’ अण्णांनाही ते पटत नव्हतं. ‘पार्ट टाकला नाही तर मागायचं कशाचं?’ असं ते म्हणायचे. बायको हिशेब बघते. तिने एकदा महिनाभराची वही उघडून दाखवली. ज्या गाड्यांवर जास्तीत जास्त वेळ गेला, त्यांचीच बिलं सगळ्यात लहान होती. त्यानंतर तपासणीचा दर फलकावर लिहिला : ६०० रुपये, पार्ट लागो न लागो. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. जी राहिली ती नवी घेऊन आली. आज शेडचा निम्म्याहून जास्त गल्ला तपासणीचा आहे, आणि आमच्या वाटचालीतली पहिली खरी उडी हीच. स्कॅनर काय, कोणीही घेतो.

दुसरी उडी रस्त्याने मारली. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ज्यांनी क्रूझचं बटण कधी दाबलं नव्हतं, तेही दाबू लागले. ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा उघडला, पूर्ण रस्ता ७०१ किलोमीटर झाला. तक्रारी वाढल्या. त्यातल्या बऱ्याच तक्रारी नसतातच. ‘कसाऱ्याच्या उतारावर १०० ला लावलं तरी १०६ होतं’ असं सांगत येतात. साधं क्रूझ थ्रॉटल सोडू शकतं. ब्रेक मारणं अनेक गाड्यांत त्याच्या हातात नाही. उतारावर वेग वाढणारच. हे समजावून गाडी परत पाठवतो.

चाचणीसाठी आम्हीही तोच रस्ता वापरतो. सावंगीला चढायचं, माळीवाड्याला उतरायचं. पाऊस असेल तर जात नाही, कारण ओल्या रस्त्यावर क्रूझ लावूच नये. ८० ला सेट करायचं, अधिक-उणे दाबून वेग पाळतंय का बघायचं, ब्रेकला नुसता पायाचा अंगठा लावून सुटतं का बघायचं, रिझ्यूम दाबून आधीचा वेग परत धरतंय का बघायचं, मग तेच क्लचवर. गाडी चालवणारा रस्ता बघतो, शेजारचा लॅपटॉप. वेग हळूच वर-खाली होत असेल तर ते काट्यापेक्षा अंगाला आधी कळतं, म्हणून शेजारच्याला मी थोडा वेळ डोळे मिटून बसायला लावतो. क्रूझचं पेटंट १९५० साली मिळवणारे अमेरिकन इंजिनिअर राल्फ टीटर लहानपणापासून अंध होते, हे आमच्या पोरांना सांगितलं की त्यांना थट्टा वाटते. खरंच होते.

‘पुलाच्या जोडावर सुटतं’ ही तक्रार अशीच रस्त्यावर सापडली. शेडमध्ये सगळं ठीक, कोड एकही नाही. लॅपटॉपवर ब्रेकच्या दोन्ही संपर्कांचा ग्राफ लावला. जोड आला, धप्प झालं, आणि एका रेषेने क्षणभर उडी मारली, दुसरी सरळ. स्विच पेडलपासून जरा लांब बसला होता, हादऱ्याने संपर्क हलत होता. नीट बसवला, लॉक केला, त्याच जोडावरून पुन्हा नेली.

स्टिअरिंगच्या बटणांचं काम मात्र घाईचं नाही. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक बटणाचा रेझिस्टन्स वेगळा असतो आणि त्यावरून ईसीएम ओळखतो की सेट दाबलं की कॅन्सल. स्टिअरिंग वळवल्यावरच बटणं मरत असतील, हॉर्नही मधेच वाजत नसेल, एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर संशय क्लॉकस्प्रिंगवर. तिथे हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिली असतील तेवढी मिनिटं थांबायचं. एअरबॅगच्या कनेक्टरला मीटर लावायचा नाही. हा नियम मोडणाऱ्या मुलाला मी त्या दिवशी काम देत नाही.

दोन कामं आम्ही घेत नाही. खालच्या मॉडेलला वायरी कापून बाहेरचं क्रूझ बसवणं हे पहिलं. ॲक्सिलरेटर पेडलच्या सिग्नलमध्ये मधेच घुसणारं किट स्वस्त असतं, पण पळत्या गाडीत त्याची जबाबदारी कोण घेणार? दुसरं काम रडारवाल्या, म्हणजे पुढच्या गाडीचं अंतर बघून क्रूझचा वेग आपोआप बदलणाऱ्या गाड्यांचं. पुढचा बंपर बदलला की रडारची दिशा पुन्हा जुळवावी लागते. त्याला सपाट फरशी, मोकळी जागा आणि टार्गेट बोर्ड लागतात. आमच्या शेडची फरशी पाणी गटाराकडे वाहावं म्हणून उतरती केलेली आहे. वाळूजला जागा बघणं चालू आहे, भाडं परवडलं तर घेऊ. तोवर अशा गाड्या कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतो.

गाडी आणणार असाल तर क्रूझ कोणत्या वेगाला सुटलं, रस्ता सरळ होता की वळणाचा, तेव्हा आणखी कोणता दिवा लागला होता, एवढं मोबाइलवर लिहून आणा. आणि येण्याआधी कोणाकडून कोड पुसून घेऊ नका. ते पुसले की तपासणी पहिल्यापासून, आणि ६०० रुपये तेच.