शुक्रवारची फुकट संध्याकाळ आणि शोपाँचं चिठोरं

शुक्रवारी संध्याकाळी न्यू यॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत प्रवेश फुकट असतो, फक्त आधी नाव नोंदवायचं. फुकट म्हटल्यावर न्यू जर्सीतल्या एडिसनहून ट्रेन पकडून, पेन स्टेशनपासून थंडीत पाय ओढत आम्ही जाणारच! लेक पियानो शिकते. तिला शोपाँचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या त्या पियानोच्या संगीतकाराचं, हाताने लिहिलेलं 'ते' पान बघायचं होतं.

ते पान जेमतेम १० बाय १३ सेंटिमीटरचं, म्हणजे पोस्टकार्डाएवढंही नाही. २०१९ मध्ये एका खासगी संग्रहाबरोबर ते इथे आलं आणि २०२४ मध्ये क्युरेटर रॉबिन्सन मॅक्लेलन यांच्या नजरेला पडलं. कोणालाच ठाऊक नसलेला वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठेक्यांची नाचाची धून! तो खरंच शोपाँचाच का, यावर मग खल सुरू झाला.

आम्ही गेलो त्या दिवशी ते बाहेर मांडलेलंच नव्हतं. लेकीचं तोंड एवढंसं झालं. मग तीन मजली उंच पुस्तकांच्या कपाटांखाली उभं राहून आम्ही फोनवर त्याचा फोटो मोठा करून बघितला. बारीक, नेटकं अक्षर. एकूण २४ बार, म्हणजे ठेक्यांचे २४ गट, पण सुरुवातीच्या हळू सुरांनंतर लगेच तीन 'एफ', म्हणजे दणकून वाजव. शोपाँकडून सहसा याची अपेक्षा नसते.

"आई, नाव तर लिहिलंय वर. मग वाद कसला?"

गंमत तिथेच आहे. ते नाव दुसऱ्याच कोणीतरी लिहिलंय. शोपाँची सही कुठेच नाही. कागद आणि शाई त्या काळातली निघाली, आणि बेस क्लेफ, म्हणजे खालच्या सुरांच्या ओळीआधीची वळणदार खूण, काढायची शोपाँची लकब नेमकी जुळली. तज्ज्ञांचा भरवसा त्या वेलांटीवर.

एवढासा कागद बहुधा कोणाच्या तरी आल्बमसाठी असावा. आमच्या शाळेच्या निरोपसमारंभात स्वाक्षरीच्या वह्या फिरायच्या, तसे तेव्हा पॅरिसच्या दिवाणखान्यांत आल्बम फिरत. फक्त 'यशस्वी हो'च्या जागी चार ओळी संगीत. शोपाँने 'एफ मायनर' या स्वरमालेतला एकच वॉल्ट्झ स्वहस्ते उतरवून अनेक जणींना भेट दिला होता, आणि तो छापला गेला थेट त्याच्या मृत्यूनंतर. पण अशा भेटींवर तो सही करत असे. इथे नाही. द्यायचा बेत बदलला असेल का?

ही लायब्ररी ज्यांची, ते मॉर्गनसाहेब स्वतः बँकर. त्यांच्या या दालनात शेकोटीच्या वर सोळाव्या शतकातला भलामोठा विणलेला पडदा आहे. विषय काय, तर लोभाचा विजय! जगभरातून हस्तलिखितं गोळा करणाऱ्याने हा मुद्दाम टांगला की सहज, देव जाणे. मी तरी पाच मिनिटं त्याच्याकडेच बघत होते.

निघताना लेक दुकानात शिरली. त्या पानाचं पोस्टकार्ड काही दिसलं नाही, म्हणून तिने एक पेन्सिल उचलली. पेन्सिलीच्या किमतीत आमचं फुकट तिकीट त्यांनी वसूल केलं.