रॅमला पत्रा की वारा

मे महिन्यात आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. दुपारी मशीन बंद पडतं, रात्री चालतं. इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात, सिल्व्हर मॉलमध्ये, ज्यांचा धंदा आहे त्यांना हे नव्यानं सांगायला नको. सरांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "बंद पडत नाही रे. आधी हळू होतं, आणि दोन दिवस चाललेला रन, म्हणजे गणिताची एक अख्खी फेरी, शेवटी मेमरी एरर देऊन मरतो. आता तर मी सगळ्या रॅमवर हीटसिंकही लावून घेतले!"

सर एसजीएसआयटीएस या इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले. रामबागेतल्या घरी वरच्या मजल्यावर बसून पीथमपूरच्या कारखान्यांसाठी हवापाण्याच्या प्रवाहाची गणितं सोडवून देतात. या कामात प्रोसेसरच्या आधी मेमरीचा दम निघतो, म्हणून मशीन थ्रेडरिपर प्रो या एएमडीच्या दणकट प्रोसेसरचं: मेमरीकडे जाणारे आठ रस्ते, म्हणजे चॅनेल, आठही स्लॉट भरलेले, डीडीआर५ ची रजिस्टर्ड ईसीसी रॅम, म्हणजे चुका स्वतः पकडणारी सर्व्हरची रॅम. जुळणी दुसऱ्या कोणीतरी केलेली. आवाज नको म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर प्रोसेसरवरचा पंख्याचा मोठा कूलर काढून लिक्विड कूलर बसवला होता. हे शेवटचं वाक्य सरांनी जाता जाता सांगितलं, पण माझे कान तिथेच टवकारले.

कॅबिनेट उघडलं. सॉकेटच्या दोन्ही बाजूंना चार-चार स्टिक, प्रत्येकीवर दोन्हीकडून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं जॅकेट, म्हणजेच सरांचे हीटसिंक. दोन जॅकेटांच्या मधून व्हिजिटिंग कार्डसुद्धा सरकेना. माझ्याबरोबर आलेला पोऱ्या डोकावून म्हणाला, "भिया, मई में रजाई ओढ़ा दी इनको।"

सरांचा पुतण्या इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक घेऊन तयारच होता. जॅकेटवर धरून म्हणाला, "बघा दादा, ४६. थंड आहे." मी बोर्डाच्या बीएमसीचं, म्हणजे बोर्डावर नजर ठेवणाऱ्या वेगळ्या चिपचं, पान उघडलं. तिथे प्रत्येक स्टिकच्या स्वतःच्या सेन्सरचा आकडा दिसतो. मधल्या दोन स्टिक ८९ वर होत्या. पुतण्याचा चेहरा पडला. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतःची उष्णता किरणांतून फारशी बाहेर टाकत नाही, समोरच्या वस्तूंची परावर्तित करतं. म्हणजे बंदूक बरंचसं खोलीचंच तापमान मोजत होती. मी जॅकेटवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला, थोडं थांबलो आणि त्यावर बंदूक धरायला लावली. ७२ आलं. उरलेला फरक आत कुठेतरी अडकलेला होता.

कुठे, ते एक जॅकेट काढल्यावर कळलं. डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी पीएमआयसी चिप स्टिकवरच असते, रजिस्टर्ड रॅममध्ये मधोमध प्रोसेसरचे हुकूम पुढे पोचवणारी रजिस्टरची चिप वेगळी. या सगळ्यांची उंची मेमरी चिपइतकीच असेल असं नाही. स्वस्त जॅकेटच्या आतला, चिपची उष्णता पत्र्याला देणारा मऊ पॅड मात्र एकाच जाडीचा. मेमरी चिपांचे ठसे पॅडवर स्पष्ट उमटले होते, पीएमआयसीच्या जागी पॅड कोराच होता. जी चिप तापणार, तिला पत्रा टेकलेलाच नव्हता.

जॅकेट काढणं जोखमीचं काम. ओढलं तर चिपच उपटून येते. काकूंचा हेअर ड्रायर मागून घेतला, पॅड मऊ होईपर्यंत शेकलं आणि कडेनं हळूहळू सोडवलं. आठ स्टिक व्हायला अख्खी दुपार गेली.

मग पुन्हा तोच रन, तीच पडदे ओढलेली खोली. उघड्या स्टिक, बंद कॅबिनेट: ८४. नुसते पत्रे काढून एवढाच फरक. नंतर दोन्ही बाजूंच्या स्लॉटांवर ८० मिलिमीटरचा एकेक पंखा झिपटायनं बांधला, सावकाश फिरणारा. अर्ध्या तासात आकडा ६१ वर स्थिरावला. आवाज सरांना ऐकूच आला नाही.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक चिमुकला कपॅसिटर. तापमान वाढलं की त्यातला चार्ज लवकर गळतो. म्हणून ८५ अंशांच्या वर रिफ्रेश, म्हणजे गळलेला चार्ज पुन्हा भरणं, दुप्पट वेगानं करावं लागतं, आणि रिफ्रेश चालू असताना तेवढा वेळ मेमरी कामाला मिळत नाही. सरांना जाणवणाऱ्या संथपणात याचाही वाटा होता. एका बिटाची चूक ईसीसी दुरुस्त करतं, दोन बिट एकदम चुकले तर फक्त ओरडतं. लॉगमध्ये दुरुस्त केलेल्या चुकांची रांग दुपारी लांबत होती, आणि जिथे रन मेला तिथे दुरुस्त न होणारी नोंद होती.

ही रॅम मुळात सर्व्हरसाठी. तिथे पुढून मागे सोसाट्याचा वारा असतो, त्यामुळे हिरवी पट्टी उघडीच चालते. जुन्या पंख्याच्या कूलरमुळे थोडाफार वारा रॅमला आपसूक मिळत होता, लिक्विड कूलरनं तो नेला. पत्रा नेहमीच फालतू असतो असंही मी म्हणणार नाही. २००६ च्या सुमारास आलेल्या एफबी-डिम या सर्व्हरच्या रॅममध्ये मधली एएमबी ही बफर चिप इतकी तापायची की पत्रा कारखान्यातूनच बसून यायचा. पुतण्याच्या गेमिंग मशीनमध्ये दोनच स्टिक आहेत, १.१ ऐवजी १.३५ व्होल्टवर पळतात. तिथे कंपनीनं बसवलेला पत्रा राहू दे म्हटलं, फक्त कूलरखाली उंची बसते का ते आधी मोज. त्याला दिव्यांच्या रंगातच जास्त रस होता.

सरांचा रन चौथ्या दिवशी पूर्ण झाला. एका स्लॉटमध्ये मात्र ६० अंशांनाही अधूनमधून दुरुस्त चुकांची नोंद येत राहिली. ती स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली तर चूकही तिच्या मागोमाग गेली, म्हणजे ती खरीच कमजोर. वॉरंटी आहे, पण सिरियल नंबरचं लेबल जॅकेटच्या पॅडला चिकटून फाटून आलेलं. डीएमआयडिकोड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या कमांडमधून नंबर काढला, छापला, फाटक्या लेबलचे तुकडे पाकिटात घातले आणि स्टिक पाठवून दिली. उत्तर अजून यायचंय. तोवर सर सात स्टिकवर काम चालवताहेत आणि रोज फोन करताहेत.