तुम्ही विचारलंत म्हणून: मारायचंच आहे तर गोळी कुठली याने काय फरक पडतो?

अकरावी-बारावीला इतिहास शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येतोच. हेगचा तह, म्हणजे युद्धात कोणती हत्यारं वापरायची नाहीत याचे नियम, फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, मॅडम, युद्धात माणसं मारायचीच असतात ना, मग या गोळीने मार आणि त्या गोळीने नको हा कसला नियम? घरीसुद्धा विचारलंय लोकांनी, लग्नात जेवणाच्या पंगतीतसुद्धा. प्रश्न बरोबर आहे, म्हणून नीट उत्तर देते.

सुरुवात रशियापासून करावी लागते. 1863 च्या सुमारास रशियन सैन्याकडे एक स्फोटक गोळी आली, दारूगोळ्याच्या गाड्या उडवायला. पुढे 1867 मध्ये ती सुधारली आणि मऊ वस्तूवर आपटली तरी फुटायला लागली. मऊ वस्तू म्हणजे माणूसच की! तेव्हा ज्यांच्या हातात ती गोळी होती त्यांनीच म्हटलं की ही आम्हीही वापरणार नाही आणि दुसऱ्यांनीही वापरू नये, आणि झारने सेंट पीटर्सबर्गला देशांना बोलावून 1868 च्या डिसेंबरमध्ये जाहीरनामा केला, 400 ग्रॅमपेक्षा कमी वजनाची स्फोटक गोळी सैनिकांवर चालवायची नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच कागदात आहे. त्यात म्हटलंय की युद्धाचा एकच रास्त हेतू, शत्रूच्या सैन्याची ताकद कमी करणं, आणि त्यासाठी माणूस लढण्यालायक राहिला नाही एवढं पुरतं. जो आधीच पडलाय त्याच्या यातना वाढवून किंवा त्याचं मरण अटळ करून लढाईत काही फायदा होत नाही. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं, कारण युद्ध थांबवू असं खोटं आश्वासन त्यात नाहीये, फक्त विनाकारण छळ करायचा नाही एवढंच आहे.

आता दमदम. हो, कोलकात्याचं विमानतळ आहे तेच दमदम. आपल्याकडे किल्ल्यांच्या वेढ्यात तोफा चढवायला मातीचा दमदमा रचायचे ना, त्या गावाचं नावही त्याच शब्दावरून पडलं असं सांगतात. तिथे इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. 1895 च्या वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या मोहिमेत इंग्रजांची तक्रार होती की नव्या बंदुकीची गोळी सरळ आरपार जाते आणि समोरचा पठाण पळतच येतो. मग दमदमच्या कारखान्यात गोळीच्या टोकावरचं कडक आवरण काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. वर्गात मी शिसपेन्सिल दाखवते, न तासलेली आणि तासलेली, आवरण कुठे संपतं ते बोटाने दाखवते, आणि मग सांगते की शिसं मऊ असतं, शरीरात शिरलं की ते टोक चपटं होतं, पसरतं, जखम आत रुंद होत जाते, हाडाला लागलं तर हाडाचा चुरा. पोरं गप्प होतात.

1899 मध्ये नेदरलँड्समधल्या हेगला 26 देश जमले आणि ही पसरणारी गोळी बंद करा असा ठराव आला. विरोधात मतं फक्त ब्रिटन आणि अमेरिकेची. ब्रिटनच्या प्रतिनिधीचं म्हणणं असं की सुसंस्कृत सैनिकाला गोळी लागली की तो थांबतो, स्ट्रेचरवर जाऊन पडतो, पण रानटी माणूस थांबत नाही, त्याला ही गोळी पाहिजेच. मला अजूनही हे वाचताना संताप येतो, कारण ज्याला रानटी म्हटलं तो आपल्याच सरहद्दीवरचा माणूस होता, आणि त्या सभेत त्याच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. ठराव पास झाला, पण त्यातही अट होतीच की हा नियम सह्या केलेल्या देशांच्या आपसातल्या युद्धापुरताच. म्हणजे फ्रेंच सैनिकाला संरक्षण आणि पठाणाला नाही. पीटर्सबर्गच्या कागदातही हीच अट होती.

तर फरक काय पडतो म्हणता, तर तो पडतो जखमी माणसाला, आणि तो नियम कोणाकोणाला लागू होतो यावर पडतो. खरा वाद नेहमी त्या दुसऱ्या गोष्टीवरच झालाय. हेगचा तो ठराव ब्रिटनने 1907 मध्ये मान्य केला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्याने उभं राहिलं त्या 1998 च्या रोमच्या करारात पसरणारी गोळी वापरणं हा युद्धगुन्हा ठरला, पण तोही फक्त देशादेशांतल्या युद्धात. देशाच्या आत चालणाऱ्या लढाईत, म्हणजे सरकार विरुद्ध बंडखोर अशा लढाईतसुद्धा तो गुन्हा धरायचा अशी त्या करारात दुरुस्ती 2010 मध्ये युगांडातल्या कंपालाला ठरली, हेगनंतर 111 वर्षांनी, आणि तेही ज्या देशांनी ती दुरुस्ती मान्य केली त्यांच्यापुरतं. भारत रोमच्या करारात अजून नाहीये.