दरडोई 135 लिटर: एका मूल्यमापनाचा अनुभव

2015 मध्ये 500 शहरांसाठी सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत या शहरी सुविधा अभियानातील एका पाणीपुरवठा योजनेच्या मूल्यमापनासाठी मी मराठवाड्यातील एका नगरपरिषदेत गेले होते. केंद्राने 2008 साली ठरवलेल्या सेवास्तर मानकांनुसार दरडोई रोज 135 लिटर पाणी मिळावे, हिशेबात न येणारे (गळती, चोरी यांत जाणारे) पाणी 20 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे आणि प्रत्येक नळाला मीटर असावे, अशी अपेक्षा आहे. नगरपरिषदेने भरून दिलेल्या तक्त्यात पहिल्याच ओळीत नेमके 135 लिहिलेले होते. असा तंतोतंत जुळणारा आकडा समोर आला की तो कशावरून काढला हे विचारल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

पंपगृहातील नोंदवहीत पंप कधी सुरू झाला आणि कधी बंद झाला एवढेच होते. मुख्य वाहिनीवरचे मीटर बंद पडलेले होते. पंपावरील पट्टीवर तासाला 250 घनमीटर असे कोरलेले होते, आणि त्याला चाललेल्या तासांनी गुणून रोजचा पुरवठा काढला जात होता. नवी टाकी आणि वाहिन्या योजनेतून झाल्या होत्या. पंप मात्र जुनेच होते, आणि झिजलेला पंप पट्टीवरच्या आकड्याइतके पाणी उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पंप चालू ठेवून व्हॉल्व्हमनने टाकीतून गावाकडे जाणारी झडप बंद केली. मी वर चढले, टेपला खडू फासला, टोकाला ओळंबा बांधून ती झाकणातून खाली सोडली. ओला झालेला खडू जिथे संपतो तिथे पाण्याची पातळी. तासाभराने पुन्हा तेच केले. 14 मीटर व्यासाच्या टाकीत पाणी 1.3 मीटर चढले होते, म्हणजे जेमतेम 200 घनमीटर. दरडोई 135 चे 108 झाले, आणि वाटेतली गळती त्यात अजून धरलेलीच नव्हती.

त्याच मानकांमध्ये आकड्याच्या विश्वासार्हतेलाही ‘ए’ (सर्वांत विश्वासार्ह) ते ‘डी’ अशी प्रतवारी आहे. बहुतेक तक्त्यांत हा रकाना घाईने भरला जातो. माझ्या मते मूल्यमापनाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. नगरपरिषदेच्या प्रस्तावात कराडलगतच्या मलकापूरचा आदर्श दिला होता. पण मलकापूरने चोवीस तास पाणी दिले ते घरोघरी मीटर आणि वापरानुसार चढते दर लावून, आणि इथल्या आराखड्यात नेमके तेवढेच वगळलेले होते.

मीटर बसवल्यावर आकडा खाली आला तर मूल्यमापनातले गुणही कमी होतील का, असे मुख्याधिकाऱ्यांनी मला स्पष्टच विचारले. त्यांची काळजी खरी होती, कारण पुढचा निधी याच गुणांवर अवलंबून असतो असे त्यांना वाटत होते. मी अहवालात 108 लिहिले, विश्वासार्हतेची प्रतवारी खालची दिली आणि पहिली शिफारस मुख्य वाहिनीवरील मीटरची केली.

पाच महिन्यांनी फेरतपासणीला गेले तेव्हा नोंदवहीत चालू-बंदच्या शेजारी पेनाने आखलेला एक नवा रकाना होता आणि त्यात दर तासाचे मीटरवाचन लिहिलेले होते.